सायलेन्सर निवडण्याआधी गाडीखाली झोपा

फोर बाय फोर गाडी घेतली की पहिल्या सहा महिन्यांत तीन खर्च सुचतात: टायर, बंपर आणि सायलेन्सर. टायरचे पैसे बहुतेकदा वसूल होतात. बंपरचं नंतर बघू. सायलेन्सर मात्र नवा माणूस हमखास कानाने निवडतो. कुणाच्या तरी थारचं फायरिंग ऐकलं, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले, गॅरेजवाल्याला फोन लावला, झालं काम. मीही माझ्या जुन्या जिप्सीला तसाच बसवला होता.

ऑगस्टमधला रविवार होता. वेल्ह्याकडच्या एका ओढ्यातून पलीकडच्या काठावर चढायचं होतं. गाडीला नवाकोरा अडीच इंची पाइप आणि त्याच्या टोकाला तांब्याएवढं तोंड. पुढे उभा असलेला मित्र हाताने खुणा करत होता. मागच्या चाकावर लक्ष ठेवणारा दुसरा मित्र ओरडत होता, ‘थांब, थांब, मागं टेकतंय!’ मला ऐकू येत होतं फक्त माझंच फायरिंग. टेलपाइप दगडावर टेकला, पुढे वाकला, मफलरच्या तोंडाशी वेल्डिंग फाटलं आणि रबर तुटून मफलर खाली लोंबकळायला लागला. कुंपणाच्या तारेने तो बांधून आम्ही पुण्याला आलो. वाटेत पानशेतपर्यंत तो रस्त्यावर खडखड वाजत होता आणि टपरीवरची माणसं माना वळवून बघत होती.

त्यानंतर मी दोनदा एक्झॉस्ट करून घेतला, एकदा स्वतःच्या गाडीचा आणि एकदा भाच्याच्या जिम्नीचा. खाली जे लिहितोय ते त्या तीन कामांतून आणि लोकांच्या गाड्यांखाली झोपून बघितलेल्या गोष्टींतून आलंय. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा, कारण पुढची पायरी आधी केली की मागची करायची इच्छाच उरत नाही.

पहिली पायरी: कशासाठी बदलताय ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. चार कारणं निघतात. एक, जुना सायलेन्सर गंजून फुटलाय. दोन, तो खाली लोंबतो आणि दगडाला लागतो. तीन, आवाज हवाय. चार, ताकद हवीय.

पहिली दोन कारणं असतील तर पुढे वाचा, पैसे योग्य ठिकाणी जातायत. तिसरं असेल तर थोडं थांबा. चौथं असेल तर तुमचं इंजिन कोणतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि नव्वद टक्के वेळा उत्तर ‘फरक जाणवणार नाही’ असंच येतं. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, कुठे मोजलेला नाही.)

दुसरी पायरी: गाडीखाली जा

गाडी थंड असताना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, हे आईशप्पथ पाळा. गॅरेजमधला खड्डा किंवा रॅम्प सगळ्यात बरा. उंच गाडी असेल तर सपाट जागेवर चाकांना अडणी लावून, ताडपत्री अंथरून तशीही आत सरकता येतं.

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो त्यात बऱ्याच वेगळ्या गोष्टी असतात. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड. टर्बो गाडीत त्याच्या पुढे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, मग खाली उतरणारा डाउनपाइप. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’. बीएस-६ डिझेल असेल तर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ. मग लांब मधला पाइप, त्यात एखादा छोटा डबा, म्हणजे रेझोनेटर. शेवटी मोठा डबा, मफलर. आणि मागे दिसतो तो टेलपाइप. कॅट आणि डीपीएफच्या आसपास वायर लागलेले बोल्टसारखे तुकडे दिसतील. ते सेन्सर. त्यांना हात लावायचा नाही.

आता खडू आणि मोजपट्टी घ्या. सगळ्यात खाली आलेला भाग कोणता? जमिनीपासून किती? पाइप मागच्या ॲक्सलच्या वरून जातो की खालून? प्रोपेलर शाफ्टपासून, म्हणजे ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्यापासून, किती लांब? डिझेल-पेट्रोलची लाइन, ब्रेकची लाइन आणि टाकी कुठे आहे? कंपनीने कुठे पत्र्याचं उष्णतारोधक कवच लावलंय? मोबाइलवर प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा. काम झाल्यावर हे फोटो तुमच्या बाजूने साक्ष देतील. जिप्सीच्या वेळी माझ्याकडे एकही फोटो नव्हता, त्यामुळे ‘पहिल्यापासून तसंच होतं’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं मला गिळावं लागलं.

मागच्या बाजूने एक दोरी मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूपासून टेलपाइपच्या खालच्या टोकापर्यंत ताणा आणि तशीच पुढे बंपरच्या कडेपर्यंत न्या. दोरीला आधी बंपर लागला तर उत्तम. टेलपाइप आधी लागला तर तुमचा डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा भाग न टेकता गाडी जेवढ्या कोनातून सुटते तो, त्या पाइपने खाल्लाय. थारचा कंपनीने दिलेला हा कोन ३६.८ अंश आहे. बंपरखाली चार इंच बाहेर काढलेला एक चकचकीत पाइप त्यातले कितीतरी अंश घालवू शकतो, आणि ओढ्यातून वर चढताना पहिला मार तोच खातो. माझा पाइप असाच गेला.

तिसरी पायरी: कायदा आधी, कॅटलॉग नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो सोडतात आणि मग चौकात उभे राहतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकासाठी कलम १८२अ(४) वेगळं आहे, त्यात प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यावर रांगेने मांडलेले बुलेटचे सायलेन्सर आणि त्यावरून फिरणारा रोडरोलर, हे महाराष्ट्रातल्या शहरांमधले फोटो तुम्ही पाहिले असतीलच. तो रोडरोलर दुचाकीपुरताच आहे असं समजू नका.

आवाजाचा निकष प्रवासी गाडीसाठी ७४ डेसिबलच्या आसपास आहे, गाडीच्या प्रकारानुसार थोडा इकडे-तिकडे. ही चाचणी धावत्या गाडीची असते, माइक साडेसात मीटरवर ठेवून घेतलेली. डेसिबलचं गणित सरळ नसतं, हे लक्षात ठेवा. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ‘थोडासाच वाढलाय साहेब’ हे वाक्य मीटरवर बरंच मोठं दिसतं.

आणखी दोन नियम गॅरेजवाल्यांनाही फारसे ठाऊक नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीचा धूर खाली जमिनीवर किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, तो मागे किंवा उजवीकडे गेला पाहिजे. डावीकडे फुटपाथ असतो, माणसं चालतात, कारण इतकं साधं. दुसरा नियम असा की एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या लाइनपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. साधारण दोन बोटं. ही दोन बोटं मी प्रत्येक गाडीखाली लावून बघतो.

कॅट आणि डीपीएफ काढून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ‘आतलं जाळं फोडून देतो, गाडी मोकळी होईल.’ यावर माझं मत एकाच शब्दात सांगतो: नाही. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो आणि तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं विष उतरवतो. डीपीएफ काजळी साठवतो आणि ठरावीक काळाने सुमारे ६०० अंशांना ती जाळून स्वतःला साफ करतो. हे काढलं की सेन्सरला कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद कापते. मग त्या दिव्याला फसवण्यासाठी ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, घुसायचं, वॉरंटी गेली, पीयूसी कशीबशी ‘मॅनेज’ करायची. ज्या जंगलात फिरायला म्हणून गाडी घेतली, त्या जंगलात काळा धूर सोडत जायचं. नकोच ते.

तेव्हा आपलं क्षेत्र एवढंच: कॅटच्या किंवा डीपीएफच्या मागचा भाग. त्यातही मागच्या ॲक्सलनंतरचा मफलर आणि टेलपाइप एवढंच बदललं तर ते सगळ्यात कमी जोखमीचं. रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर मूळ आवाजाच्या जवळच राहा.

चौथी पायरी: इंजिन ओळखा, मग पाइपचं माप बोला

बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा अडथळा. ‘बॅक प्रेशर लागतंच’ असं एक गॅरेजवाला सांगतो, ‘बॅक प्रेशर शून्य पाहिजे’ असं दुसरा. दोघांचं अर्धं खरं. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. पण टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला पाइपमधून जाणाऱ्या गॅसचा वेग हवा असतो. एका सिलिंडरचा गॅस वेगाने पुढे गेला की मागे जी ओढ तयार होते ती पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करते. पाइप गरजेपेक्षा मोठा केला की गॅस रेंगाळतो आणि ही ओढ कमी होते. दोन इंचाचा पाइप अडीच इंच केला तर आतली जागा दीडपटीहून जास्त होते. तेवढ्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) गॅसचा वेग एक तृतीयांशाहून जास्त पडतो. तोटा होतो तो खालच्या आरपीएमला.

आणि ऑफरोडवाल्याचं सगळं जगणं खालच्याच आरपीएमला असतं. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरची हळू पण जास्त जोराची गिअर-रेंज), पहिल्या गिअरला, दगडावर चाक चढवताना इंजिन हजार-दोन हजारांत फिरत असतं. जिम्नीच्या १.५ लिटर पेट्रोलचा कमाल टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १३४ न्यूटन मीटर आहे आणि तोही ४,००० आरपीएमला. खाली आधीच थोडं आहे, त्यातलंही मोठा पाइप लावून घालवायचं? शहरातल्या रेस लावणाऱ्या पोराला पाच हजारांच्या वर काहीतरी मिळेलही. तुम्हाला चढावर क्लच जाळावा लागेल. माझ्या जिप्सीचं नेमकं हेच झालं होतं. आवाज वाघाचा, आणि पहिल्या गिअरला चढावर मेंढीसारखी अडून बसायची.

जिप्सी किंवा जिम्नीसारख्या गाडीला दोन इंच पुरे. ‘अजून अर्धा इंच’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कोणत्या आरपीएमला फायदा? उत्तर आलं नाही तर विषय संपला.

टर्बो गाडीचं गणित वेगळं. थारच्या २.२ डिझेलला ३०० न्यूटन मीटर १,६०० ते २,८०० आरपीएमच्या दरम्यान मिळतात, म्हणजे हवे तिथेच. टर्बोच्या मागे अडथळा कमी केला तर टर्बो थोडा लवकर फिरतो हे खरं, पण कॅट आणि डीपीएफ जागेवर असताना शेवटचा मफलर बदलून किती मोकळं होणार? शिवाय टर्बो आणि डीपीएफ मिळून आवाजाचा मोठा हिस्सा आधीच खाऊन टाकतात. त्यामुळे नव्या डिझेलला महागडा मफलर लावून लोक निराश होतात, ‘काहीच फरक नाही’ म्हणतात आणि मग डीपीएफ काढायच्या गप्पा सुरू होतात. डिझेल थारवाल्यांना माझा सल्ला: मूळ मफलर फुटेपर्यंत राहू द्या. खरंच दगडाला लागत असेल तर फक्त टेलपाइप वर उचलून घ्या. वाचलेल्या पैशांत रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचा, चांगला पट्टा आणि तो अडकवायच्या दोन कड्या (शॅकल) येतील.

पाचवी पायरी: तयार किट की इथलं फॅब्रिकेशन

परदेशी तयार किट दिसायला मोहक असतं, पण ते नेमकं कोणत्या गाडीसाठी बनवलंय ते बघा. जिम्नीचं उदाहरण घ्या. जपान, ऑस्ट्रेलियात गाजलेली जिम्नी तीन दाराची, तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,२५० मिलिमीटर. आपल्याकडे २०२३ मध्ये आली ती पाच दाराची, व्हीलबेस २,५९०. इंजिन तेच १.५ लिटरचं, पण मधे ३४० मिलिमीटरचा फरक. तिकडचा कॅटपासून मागचा संपूर्ण संच मागवला तर मधला पाइप फूटभराहून जास्त आखूड पडतो. मग कस्टम ड्युटी भरून आणलेल्या स्टेनलेसला इथे तुकडा जोडायचा. भाच्याने हे करायचं ठरवलंच होतं, कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं. ‘मामा, फिट होईल असं लिहिलंय की.’ मी म्हटलं, कोणत्या जिम्नीला ते वाच. त्याने वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

इथलं काम चांगला माणूस मिळाला तर उत्तम होतं. तो कसा ओळखायचा? त्याच्या दुकानात पडलेलं जुनं काम बघा. पाइपचं वळण बघा. स्वस्तात वाकवलेल्या पाइपला वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात किंवा तो तिथे चपटा होतो, म्हणजे बाहेर दोन इंच दिसला तरी वळणावर दीडच उरतो. मॅन्ड्रेलवर, म्हणजे आतून आधार देणारा दांडा घालून, वाकवलेला पाइप वळणातही गोल राहतो. ते यंत्र नसेल तर तयार गोल बेंडचे तुकडे जोडून केलेलं कामही चालतं, जोड नीट असले तर.

धातू विचारा. साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) पाइप आपल्या पावसात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत लवकर सडतो. ४०९ ग्रेड स्टेनलेस मधला मार्ग, कंपन्याही तो वापरतात. वर गंजाची तांबूस झाक येते, पण टिकतो. ३०४ चकचकीत राहतो आणि महाग असतो. ३०४ च्या नावाखाली दुसरं काही गळ्यात पडू नये म्हणून खिशात लोहचुंबक ठेवा. सरळ पाइपला ३०४ वर चुंबक चिकटत नाही, ४०९ वर चिकटतो. वळणावर किंवा वेल्डिंगपाशी ३०४ ही किंचित ओढ दाखवतो, त्यामुळे सरळ भागावरच तपासा. चुंबक काढला की दुकानदाराचा सूर बदलतो, तो अनुभव घ्यायलाच हवा.

स्टेनलेसचं वेल्डिंग आर्गन वायूवर करा असं आधीच ठरवा. आर्गनची चांगली रेघ एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखी दिसते. गुठळ्या आणि भोकं बुजवलेले ठिपके दिसले तर तो जोड दगडी रस्त्याच्या कंपनात तडकणार. मी शेवटी ज्या फॅब्रिकेटर चाचांकडे गेलो त्यांनी पैशाचं बोलायच्या आधी एकच विचारलं, ‘गाडी कुठे कुठे नेता?’ मी जागा सांगितल्या. ते गाडीखाली गेले, दहा मिनिटं बाहेरच आले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं की काम इथेच करायचं.

मफलरच्या आत काय आहे

दोन मुख्य जाती. एकात आडव्या भिंती आणि कप्पे असतात, गॅस वळसे घेत जातो आणि आवाज आतल्या आत आपटून विझतो. दुसऱ्यात जाळीदार सरळ नळी आणि भोवती काचलोकरीसारखं भरण. सरळ नळीवाला मोकळा आणि हलका, पण भरण पाण्याने भिजलं आणि चिखल शिरला की काही हंगामांत ते बसतं किंवा उडून जातं, आणि गाडी दरवर्षी जास्त ओरडायला लागते. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्याने कप्प्यांचाच घ्यावा असं मी म्हणेन. डबा चपटा अंडाकृती असेल तर चेसिसच्या वर आत दडवता येतो. त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं बारीक भोक ठेवायला सांगा. साचलेलं पाणी तिथून गळून जातं आणि डबा आतून सडत नाही.

सहावी पायरी: बसवताना तिथे हजर राहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. गाडी सोडून घरी जाऊ नका. गॅरेजमधे गाडी चारी चाकांवर सपाट उभी असते आणि फॅब्रिकेटर त्या अवस्थेत पाइप बसवतो. पण डोंगरात तुमचा मागचा ॲक्सल एका बाजूने वर जातो, दुसऱ्या बाजूने खाली लटकतो. जिम्नी असो, थार असो, जिप्सी असो, मागचा ॲक्सल एकसंध आहे आणि तो हलतो. त्याच्यावरून जाणारा पाइप सपाट जमिनीवर दोन इंच लांब दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात ठाणकन आदळतो.

म्हणून पाइप आधी फक्त वेल्डिंगचे टाके मारून धरायचा, पक्कं वेल्डिंग नंतर. टाके मारल्यावर मागचं एक चाक आणि तिरकस विरुद्ध बाजूचं पुढचं चाक रॅम्पवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर चढवा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. आता जिथे जिथे पाइप ॲक्सल, शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग, ब्रेकचा होज, चेसिस यांच्या जवळ येतो तिथे बोटं घालून बघा. मग दुसऱ्या बाजूने तेच. तीन बोटं सहज फिरली पाहिजेत. आमच्या जिम्नीच्या वेळी डावीकडे सगळं ठीक होतं, उजवीकडे एक बोटही जाईना. चाचांनी काही न बोलता टाके कापले आणि वळण बदललं. पक्कं वेल्डिंग झालेलं असतं तर ते बदललं नसतं, हातोड्याने पाइप चेपला असता.

पाइप तापला की वाढतो हेही हिशोबात धरा. दोन मीटर ३०४ स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला तर जवळपास एक सेंटिमीटर लांब होतो. म्हणून एक्झॉस्ट कधीही चेसिसला थेट वेल्ड करायचा नाही, रबरी हँगरवरच टांगायचा. कंपनीच्या मूळ हँगरच्या जागाच वापरा. आणि मफलरच्या पुढे एक फ्लँजचा जोड ठेवा, बोल्ट आणि पॅकिंग टाकून. रानात काही तुटलं तर पान्याने मागचा भाग सोडून गाडीत टाकता येतो. कुंपणाची तार शोधावी लागत नाही.

कंपनीचं उष्णतारोधक कवच ‘आवाज करतंय’ म्हणून कापून फेकायची सवय कारागिरांना असते. कापू देऊ नका. नोव्हेंबरनंतर सह्याद्रीच्या सड्यांवरचं गवत गुडघाभर आणि कोरडं असतं. तापलेला कॅट किंवा डीपीएफ त्यावर टेकवून गाडी उभी केली की वणवा लागायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात मी दर थांब्याला खाली वाकून काठीने गवत काढतो. मित्र हसतात. हसू देत.

टेलपाइपचं तोंड बंपरच्या आत आणि वर, पण गाडीच्या बॉडीच्या कडेच्या थोडं बाहेर. फार आत ठेवलं तर मागचं सॉफ्टटॉप (कापडी छत) उघडं असताना धूर गाडीत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखायला लागलं तर खड्ड्यांना दोष देण्याआधी गळती तपासा.

सातवी पायरी: गाडी ताब्यात घ्यायच्या आधी ऐका, पण मागच्या सीटवर बसून

कानाची पाळी आत्ता आली. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर मारून आवाज ऐकणं निरुपयोगी आहे. वर जा एखाद्या घाटात किंवा हायवेला, चौथ्या-पाचव्या गिअरला दोन ते अडीच हजार आरपीएमला गाडी स्थिर चालवा आणि कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा. तिथे एक घुमणारा ‘बूं’ ऐकू येतो का? हा ड्रोन. दहा मिनिटं गंमत वाटते, पुणे ते महाबळेश्वर तीन तास ऐकला की घरचे पुढच्या वेळी गाडीत बसत नाहीत. मोबाइलमधल्या डेसिबल ॲपचे आकडे काटेकोर नसतात, पण बदलाआधी आणि नंतर एकाच ठिकाणी, एकाच आरपीएमला मोजलं तर फरक कळायला पुरतात.

मी आणखी एक चाचणी करतो. गाडी लो रेंजला, पहिल्या गिअरला, काच खाली. मित्र मागच्या चाकापाशी उभा राहून नेहमीच्या आवाजात ‘थांब’ म्हणतो. ऐकू आलं नाही तर तो मफलर परत.

गळती आणि पहिले पाचशे किलोमीटर

थंड गाडी चालू करा, हातमोजा घालून ओला जाड फडका टेलपाइपच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद धरा. जोडाजोडाला साबणाचं पाणी शिंपडलेलं असलं तर जिथे गळती तिथे फेस येतो. जोडापाशी काळा डाग दिसणं हीही तीच खूण. शे-दोनशे किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण पहिल्या काही वेळा तापून-गार होताना पॅकिंग बसतं. पीयूसी नव्याने करून घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

पाण्यातून जाताना टेलपाइप बुडाला तरी इंजिन चालू असेपर्यंत गॅस पाणी बाहेर ढकलत राहतो, मागे बुडबुडे दिसतात. मधेच इंजिन बंद पडलं की पाणी आत शिरतं. लगेच स्टार्टर मारू नका, आधी गाडी ओढून बाहेर काढा आणि हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी पोचलंय का ते बघा. तेवढ्यात मफलरच्या खालच्या त्या तीन मिलिमीटरच्या भोकातून पाणी गळताना दिसेल. चिखलातून आल्यावर रबरं आणि कवचाच्या मागे अडकलेला चिखल धुऊन काढा. वाळला की तो विटेसारखा घट्ट बसतो आणि वजनाने रबर तोडतो.

कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका. माझ्या जिप्सीचा मी दिला होता, किलोच्या भावाने. जिम्नीचा मात्र माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळून, बोल्ट आणि पॅकिंगची पुडी तोंडाला बांधून. दर दिवाळीला बहीण विचारते, हे काय आहे आणि कधी जाणार. भाचा म्हणतो, गाडी विकेन तेव्हा.